जमीन राखणारा रोजगार



१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरच्या रेल्वे स्थानकात मिरजेहून एक मालगाडी आली. दहा टाक्या, आणि दर टाकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. 'जलदूत' असे तिचे नाव ठेवले होते. आपणांपैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. त्याआधी मार्च महिन्यात गावातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागले होते, म्हणजे पाण्यापाशी पाच माणसांनी जमणे हा गुन्हा झाला होता. मी गेली तीस वर्षे हमालांचे आणि मजुरांचे मोर्चे काढीत आलो आहे, तेव्हा १४४ कलम मला नवे नाही. तथापि ते घागरींसाठी लागलेले मी प्रथमच पाहिले.

गाडी ज्या मार्गाने आली त्याचाही एक इतिहास आहे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १९११ साली लातुरास पोहोचली आणि १९२७ साली तिकडे मिरजेपर्यंत गेली. त्या गाडीने आपल्या गंजातला माल बाहेर जात असे. ज्या मार्गाने लातूरचे धान्य गेले त्याच मार्गाने, रुळांची रुंदी बदलल्यावर, लातुरास पाणी आले. हे योगायोगाने झाले असे मला वाटत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

त्या दिवशी घरी येऊन मी माईला गाडीची हकिकत सांगितली. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आमी एवढी तळी खांदली रे, ते पाणी कुठं गेलं?"

आजचे माझे भाषण हा तिच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. मी पदवीधर नाही. सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात व संघटनेच्या कचेरीत झाले. त्यामुळे विद्वानांच्या पद्धतीने मांडणी झाली नाही तर सांभाळून घ्यावे.

अलीकडे 'हरित रोजगार' असा शब्द कानी पडतो. जमीन, पाणी, हवा यांचे नुकसान न करता, उलट ती सुधारून माणसाला पोट भरता येईल असे काम, हा त्याचा अर्थ. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी २००८ साली या विषयावर मोठा अहवाल काढला, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. त्यात सूर्यशक्ती आली, पवनचक्क्या आल्या, नवे कारखाने आले. ऐकणाऱ्याला वाटावे की ही सर्व पुढची गोष्ट आहे आणि ती परदेशातून यावयाची आहे. वस्तुतः या जातीचा रोजगार कायद्याने मागण्याचा हक्क महाराष्ट्रातल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या बायकांनी पन्नास वर्षांपूर्वी वापरला आहे. तो कसा मिळाला, त्याने काय साधले आणि कुठे पाणी मुरले, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात महात्मा फुल्यांपासून करावी लागते. १८८३ साली पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी सरकारला एक सूचना केली आहे. पलटणीतले शिपाई आणि पोलीस खात्यातली जास्तीची माणसे यांना कामाला लावून जागोजाग ताली व बंधारे बांधावेत, म्हणजे पावसाचे पाणी शिवारात मुरून मग नदीनाल्यास मिळेल आणि जमिनीची सुपीक माती वाहून जाणार नाही, अशी ती सूचना आहे. सरकारने ऐकले नाही. पण मजुरीचे काम आणि जमिनीचे रक्षण ही दोन टोके एकत्र बांधणारा विचार त्या काळात मराठीत छापला गेला होता, एवढे ध्यानात ठेवू.

फुल्यांनी हे लिहिले ते मोठ्या दुष्काळानंतर. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने कामे काढली होती. त्यांचा हेतू माणूस मरू नये इतकाच, आणि त्यातही फुकटचे कोणी खाऊ नये ही काळजी मोठी. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी खाली आणली की तिने अंगात काम करण्याची ताकद राहीना. तेव्हा १८७७ साली मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी दुष्काळी कामे सोडून दिली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. आमच्या चळवळीचा इतिहास सांगणारे मुंबईच्या गिरण्यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते उपाशी माणसांनी काम नाकारले तो हा संप आधी सांगितला पाहिजे.

आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिला. त्याविषयी येथे अधिक बोलत नाही.

आता विठ्ठल सखाराम पागे यांच्याकडे येऊ. हे सांगली जिल्ह्यातले गांधीवादी गृहस्थ, १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या भागात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर येथे १९६५ साली एक प्रयोग सुरू झाला. ज्याला काम हवे त्याला गावाजवळ काम द्यावयाचे आणि ते काम शेतीचे उत्पन्न वाढविणारे असावयाचे. पुढे १९७१ साली दांडेकर आणि रथ या पुण्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी देशातल्या दारिद्र्यावरील आपल्या पुस्तकात हेच सांगितले की, ज्यांच्याजवळ जमीन नाही त्यांना जमीन वाटून पुरणार नाही, त्यांना कामाची हमी द्या. विसापूरचा प्रयोग लहान होता. तो मोठा केला दुष्काळाने.

१९७२ चा दुष्काळ हा या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. पाऊस आधीपासून हुलकावण्या देत होता. ७२ साली खरीप गेले आणि मागोमाग रब्बीही गेली. अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि कामावर पोरांना मिळणारी सुकडी, या दोन वस्तूंवर एक पिढी जगली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी, म्हणजे लेकराबाळांसकट मोजले तर दहा माणसांत एक जण टिकाव नाहीतर पाटी घेऊन कामावर उभा होता. मीही त्या कामावर होतो. मी वर्षाचा होतो आणि बाभळीला बांधलेल्या झोळीत होतो.

त्या कामांपैकी मोठा भाग खडी फोडण्याचा होता. माळावर खडीचे ढीग लागले आणि पुष्कळ ढीग तिथेच राहिले. काही वर्षांनी त्यांवर गवत उगवले. माझ्या माईने दोन महिने खडी फोडली आणि मग तिचे नाव तलावाच्या कामावर लागले. खडीविषयी ती फारशी कधी बोलली नाही, पण तलावाचे तिला सारे आठवे. पाळ कुठून सुरू केली, मधली काळी माती कुठल्या शेतातून आणली, ती पाणी मारून कशी तुडविली. जे काम उद्या उपयोगी पडणार आहे हे करणाऱ्याला दिसते, ते काम त्याच्या लक्षात राहते.

दुष्काळ सरला, पण मजुरांनी मागणी सोडली नाही. १९७२ आणि ७३ साली दुष्काळी कामांवर मोर्चे निघाले, संप झाले. डाव्या पक्षांनी आणि लाल निशाणसारख्या संघटनांनी मजुरांना उभे केले. हा इतिहास सांगताना पागे यांचे नाव घ्यावे आणि मजुरांचे घेऊ नये, असा प्रघात पडला आहे. मला पागे यांच्याविषयी आदर आहे. पण त्यांच्याजवळची योजना कायदा झाली ती रस्त्यावरच्या रेट्याने, हेही खरे. १९७७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्यात काय होते ते पाहा. खेड्यात राहणाऱ्या कोणाही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर सरकारने ते पंधरा दिवसांत दिले पाहिजे, नाहीतर बेकारी भत्ता दिला पाहिजे. कामाचे दर स्त्री आणि पुरुष यांना सारखेच. कंत्राटदार मध्ये घालावयाचा नाही. खर्चातला निदान ६० टक्के भाग मजुरीचा असला पाहिजे, म्हणजे यंत्रांची आणि सिमेंटची चैन आपोआप आवरली जाते. कामे कोणती काढावयाची? पाझर तलाव, नालाबंडिंग, शेतांची बांधबंदिस्ती, विहिरी, वनीकरण आणि रस्ते. रस्ते वजा केले तर ही सगळी यादी माती आणि पाणी राखणारी आहे.

अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ साली बेकार तरुणांची एक फौज उभारली होती. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुण तिच्यातून गेले आणि त्यांनी तीनशे कोटींच्या आसपास झाडे लावली. त्यांची स्तुती मी पुष्कळ वाचली. पण तिथे काम मिळे ते फक्त पुरुषांना, काळ्या तरुणांच्या छावण्या बहुतेक वेगळ्या, आणि सरकारच्या मनात असेतोवरच ते काम. आपल्या कायद्यात काम मागण्याचा हक्क माणसाच्या हाती होता आणि कामावर येणाऱ्यांत बायकांचा भाग फार मोठा होता. त्या तुलनेत आपला कायदा मला चार पावले पुढचा वाटतो. हे आम्ही बाहेर कुणाला सांगत नाही. कदाचित आम्हालाच त्याची लाज वाटत असेल, कारण तो दुष्काळातून आला.

यापुढचा भाग शहरवासी श्रोत्यांनी कान देऊन ऐकावा, कारण तो आपल्या खिशातला आहे. आपल्या पगारपत्रकात व्यवसाय कर म्हणून महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात. हा कर १९७५ सालच्या कायद्याने सुरू झाला तो याच रोजगार हमीसाठी. मोटारींवर, विक्रीवर, बागायती जमिनीवर अधिभार बसले ते याचसाठी, आणि जमेइतकीच रक्कम सरकारने आपली घालावयाची होती. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बिनजमिनीच्या माणसाला मजुरी द्यावी आणि त्या मजुरीतून पाणलोट सुधारावा, असा हा व्यवहार होता. मी बँकेतल्या, शाळेतल्या, वीज मंडळातल्या शेकडो कर्मचाऱ्यांना विचारले आहे की हा कर कशाचा. बहुतेकांना ठाऊक नसते. पुढे अनेक वर्षे असे झाले की कराची जमा मोठी आणि हमीवरचा खर्च लहान. पैसा देणाऱ्याला तो कशासाठी दिला हे माहीत नसले, म्हणजे त्याचा हिशेब कोण विचारणार?

आता कामावरची हकिकत. १९८६ साली मी स्वतः एका पाझर तलावाच्या कामावर गेलो, पंधरा वर्षांचा असताना, वय वाढवून सांगून. तलाठ्याकडे नाव नोंदवावयाचे आणि मग नमुना ४ भरून काम मागावयाचे. नवे काम उघडण्यास पन्नास मजूर जमले पाहिजेत. खणताना मधे मातीचा एक खुंट न खणता उभा ठेवतात, त्याच्या उंचीवरून खोली कळते आणि मोजमाप होते. मोजमापावर मजुरी. माप घेणारा सरळ असेल तर पोट भरे, वाकडा असेल तर आठवड्याची मजुरी निम्मी होई. आमच्या मस्टरवर एकदा सहाच्या जागी चार दिवस लिहिले गेले. ज्या कारकुनाने ते लिहिले त्याचे आणि त्याच्या कचेरीचे नाव मी घेत नाही. माणूस जाऊन बरीच वर्षे झाली. आम्ही चाळीस जण त्याच्या दारात दोन रात्री बसलो आणि चार दिवसांचे सहा झाले. माझ्या आयुष्यातले ते पहिले संघटनकार्य. तेव्हा मला 'युनियन' हा शब्दही धड म्हणता येत नव्हता.

त्या तलावाने काय केले? आपल्या भागाखाली काळा पाषाण आहे. वरचा मुरूम आणि भेगाळलेला खडक एवढ्यातच पाणी साठते, खालच्या अखंड दगडात ते मावत नाही. पाझर तलाव भरला की पाणी मुरमातून हळूहळू पाळीच्या खाली उतरते आणि त्या बाजूच्या विहिरींना येते. आमच्या तलावाखाली नऊ विहिरी होत्या. पहिला पाऊस होऊन तलाव भरला तेव्हा त्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकू लागले. रब्बीची ज्वारी हुकमी झाली. पुढे त्या विहिरींवर मोटारी बसल्या, आणि मोटारी बसल्यावर ऊस आला.

माईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. पाळीवर पाटी वाहणाऱ्या शंभर जणांत विहीर असलेला एकही नव्हता. पाणी मुरविले बिनजमिनीच्या माणसांनी आणि ते वर निघाले जमीनवाल्याच्या विहिरीतून. याला त्या शेतकऱ्यांची लबाडी म्हणता येणार नाही. जमिनीखालचे पाणी ज्याची जमीन त्याचे, अशीच आपली वहिवाट. कायद्याने कामाची हमी दिली, पण त्या कामातून जे निर्माण झाले त्यावर काम करणाराचा हक्क किती, याबद्दल तो बोलला नाही. आणि जे पाणी सर्वांच्या मेहनतीचे, ते बारा-चौदा महिने शेतात उभ्या राहणाऱ्या एका पिकाला गेले. आपल्या गंजातून पुढे तूर गेली, साखर गेली, तेव्हा पाण्याचा मोठा वाटाही त्या मालाबरोबर गेला. आरंभी रुळांविषयी बोललो ते यामुळे.

याला दुसरा मार्ग नव्हता असे मात्र म्हणू नये. पुरंदर तालुक्यातल्या नायगावी विलासराव साळुंखे या कारखानदार अभियंत्याने १९७४ पासून पाणी पंचायतीचा प्रयोग केला. ७२ च्या दुष्काळात बायका खडी फोडताना पाहून तो माणूस अस्वस्थ झाला आणि त्याने देवस्थानची माळरान जमीन कसावयास घेतली. पाणी पंचायतीचे नियम थोडे, पण मुळाला हात घालणारे होते. पाण्याचा वाटा घरातल्या माणसांच्या संख्येवर, जमिनीच्या एकरांवर नाही. बिनजमिनीच्या माणसालाही पाण्याचा हक्क. आणि ऊस लावावयाचा नाही. हे नियम रोजगार हमीच्या कायद्याला जोडले गेले असते, तर २०१६ ची गाडी कदाचित आली नसती. कदाचित म्हणतो, कारण पाऊसही त्या सालांत फार कमी होता, आणि चळवळीतल्या माणसाने पावसाचा वाटा नाकारू नये.

१९८८ नंतर हमीला ओहोटी लागली. किमान वेतन वाढले, तसे हमीचे दरही वाढले. सरकारच्या तिजोरीला ते झेपेना की झेपवावयाचे नव्हते, हे मी ठरवीत नाही; परंतु कामे उघडण्याचे प्रमाण कमी झाले आणि हजेरी उतरली. मागेल त्याला काम हे तत्त्व कागदावर राहिले आणि काम निघाले तर मिळेल अशी स्थिती आली. अर्थशास्त्रज्ञांनीही आकडे तपासून हेच दाखविले आहे. १९९० पासून फळबागा हमीला जोडल्या, त्याने लहान शेतकऱ्यांच्या बांधावर आंबा-डाळिंब आले. मराठवाड्यात केशर आंबा पसरला त्यात याचा हात आहे. ते चांगलेच झाले. पण जमीन असणाऱ्याकडे योजना आणखी एक पाऊल सरकली, हेही नोंदले पाहिजे.

२००५ साली दिल्लीच्या सरकारने महाराष्ट्राचा हा कायदा नमुन्यासारखा पुढे ठेवून सबंध देशासाठी शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली. २ फेब्रुवारी २००६ रोजी ती २०० जिल्ह्यांत सुरू झाली आणि आपला शेजारी नांदेड त्या पहिल्या यादीत होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस शंभराचे सव्वाशे झाले, बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार आला आणि पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद झाली. हमीच्या कामामुळे शेतीला मजूर मिळत नाही, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ती आता कायद्यात जाऊन बसली. हंगामात मजुराला कमी मजुरीला 'नाही' म्हणण्याची जी थोडी ताकद आली होती, तिचे काय होणार, हे येत्या दोन-तीन सालांत दिसेल.

दरम्यान यंत्रे आली. २०१४ अखेरच्या जलयुक्त शिवार योजनेपासून नाले खोल करण्याचे काम जेसीबी आणि पोकलेनने होऊ लागले, आणि २०१७ पासून धरणांतला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना निघाली. पाण्याच्या दृष्टीने त्यात लाभ झालाच नाही असे मी म्हणणार नाही. पण शंभर माणसे महिनाभर जे खणीत ते यंत्र थोडक्या दिवसांत खणते, आणि ती मजुरी डिझेलच्या पंपावर आणि यंत्राच्या हप्त्यावर जाते. गाळ ज्याच्याकडे ट्रॅक्टर आणि शेत त्याच्याकडे जातो. काम भूमीच्या हिताचे राहिले, रोजगार मात्र त्यातून गेला. म्हणून हरित रोजगार हा शब्द कोणी वापरला की मी विचारतो : बाबा, यात हरित किती आणि रोजगार किती?

हा प्रश्न शहरातही लागू आहे, आणि लातूरकरांना तो डाळीवर समजावा. तूर हे पावसावर येणारे पीक. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीला देतात, तुराट्या चुलीला आणि कुडाला लागतात, डाळ काढताना निघालेली चुनी आणि टरफल जनावरांना जाते. फुकट जाते असे त्यात काही नाही. हीच तूर आपल्या शहरातल्या दालमिलांत येते आणि हजारो हातांना काम देते. पूर्वी तेल-पाणी लावलेली तूर उन्हात पसरणे, उलथणे, झालेली डाळ निवडणे, ही कामे बायका करीत. आता वाळविण्याला यंत्र आले आणि निवडण्याला रंग ओळखणारे सॉर्टेक्स. उन्हाने फुकट वाळणारी डाळ इंधन जाळून वाळू लागली, आणि निवडणाऱ्या बायका घरी बसल्या. मालकांची अडचण मी जाणतो; माल स्वच्छ आणि वेळेवर हवा असे गिऱ्हाईक म्हणते. पण यंत्र आणण्याआधी कामगारांना कोणी विचारले होते?

इंग्लंडात १९७६ साली लुकास एरोस्पेस या विमानांचे भाग करणाऱ्या कंपनीतल्या कामगारांनी, नोकऱ्या जाणार असे दिसताच, स्वतःच एक आराखडा तयार केला. शस्त्रांऐवजी आपण काय बनवू शकतो, तर घरे कमी इंधनात उबदार ठेवणारे पंप, पवनचक्क्या, मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी यंत्रे, अशा दीडशेच्या आसपास वस्तू त्यांनी कागदावर मांडल्या. कंपनीने आराखडा नाकारला. आमच्या संघटनेच्या अभ्यासवर्गात मी तो नेहमी सांगतो. पगार किती, एवढेच न विचारता कोणते काम करावे, हेही कामगाराने ठरवावे, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

पुण्यात हे एका वेगळ्या थरात घडले. १९९३ साली कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. हमाल पंचायतीचे बाबा आढाव पाठीशी होते. आपण उकिरड्यावरच्या भिकारणी नाही, कामगार आहोत, आणि आपण वेचतो म्हणून पालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचतो, हे त्यांनी पालिकेला पटविले. ओळखपत्रे मिळाली. २००८ साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार पालिकेशी केला. त्या आधीही कागद आणि काच वेगळीच करीत होत्या. कामाला नाव आणि दर मिळाला, एवढाच फरक झाला, पण तो केवढा मोठा! आपल्या महापालिकेच्या हद्दीत पहाटे पाठीवर पोते घेऊन फिरणाऱ्या बायका आपण पाहता. त्यांची मोजणी करून पाहा, असे मी महापालिकेतल्या मित्रांना दोनदा सांगितले आहे.

माईने बांधलेल्या तलावाविषयी सांगून थांबतो. गेल्या वैशाखात मी तिकडे गेलो होतो. पाळ अजून शाबूत आहे. आत गाळ इतका साठला आहे की पोरे त्यात क्रिकेट खेळतात. गावच्या बायकांनी ग्रामसभेत ठराव मांडला : गाळ हमीच्या कामातून आणि हाताने काढावा, काढलेल्या गाळातला निम्मा बिनजमिनीच्या घरांना द्यावा, त्यांनी तो विकावा किंवा गायरानातल्या त्यांच्या वाफ्यांत टाकावा, आणि तलावाखालच्या विहिरींवर उन्हाळी ऊस घेऊ नये. अभियंत्यांचे म्हणणे असे की वरचा थर यंत्राने काढू द्या, तळाचे तीन फूट हाताने काढा. विहिरीवाल्यांचे म्हणणे की उसाचे कलम वगळा. बायका दोन्हींना कबूल नाहीत. तीन सभा झाल्या. चौथी अक्षय तृतीयेनंतरच्या सोमवारी आहे आणि मला बोलावणे आहे.